मावळ्यांचे डोळे

"ह्येचा एक गाल भाजलाय का गं?"

आईनं मावळा दाराच्या उजेडात धरून मला विचारलं. मला हसू आलं आणि रागही आला. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तो चार बोटं उंचीचा मातीचा मावळा तिच्या हातात होता, आणि त्याच्या तोंडावर मी सकाळपासून मान मोडून बसले होते.

"भाजला नाही आई, सावली आहे ती. उजेड डावीकडून येतोय, म्हणून उजवा गाल अंधारात."

"कुठनं येतोय म्हनं उजेड?"

"ह्या आपल्या खिडकीतनं."

"आन् किल्ल्यावर कुठली खिडकी?"

एवढं बोलून तिनं मावळा फळीवर जागच्या जागी ठेवला आणि चुलीकडं गेली. मी पुन्हा ब्रश उचलला. आईला काय कळणार, असं मनात म्हटल्याचं मला अजून स्वच्छ आठवतं. तेव्हा मी वीस वर्षांची होते. कोल्हापूरला चित्रकलेची दोन वर्षं पुरी केली होती आणि जगात चित्रकलेतलं जे काही कळण्यासारखं आहे ते सगळं मला कळून चुकलं होतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कऱ्हाडला कुंभारांच्या गल्लीत आमचं तीन खोल्यांचं घर. गणपती गेले की अण्णा मावळ्यांचे साचे काढायचे. माती मळणं, साच्यात दाबणं, वाळवणं, भट्टी लावणं हे अण्णांचं काम, आणि रंग आईचा. अण्णा बोलायला मोजके. आईचं नाव हौसा, आणि नावासारखीच सगळ्या गोष्टींची हौस तिला. दसऱ्यापासून घरात पाय ठेवायला जागा नसे, जिकडं बघाल तिकडं फळ्या आणि फळ्यांवर मावळे.

आईची रंगवायची रीत ठरलेली. एका फळीवर पन्नास मावळे उभे करायचे आणि एक रंग घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आधी सगळ्यांच्या पगड्या, मग सगळ्यांचे अंगरखे, मग तोंडं, मग दोन फटकाऱ्यांत मिशी. सगळ्यात शेवटी डोळे, आणि त्यांना तिला ब्रश लागत नसे. खराट्याची एक काडी तासून ती तिनं कोनाड्यात जपून ठेवलेली असायची. काडी काळ्या रंगात बुडवायची आणि टिप टिप करत पुढं जायचं. पन्नास मावळे दीड दिवसात तयार. सगळे एकाच आईची पोरं असावीत तसे, गुलाबी तोंडाचे, गुबगुबीत, आणि कुणालाही लढाईवर जायचंय असं वाटू नये इतके खुशीत.

कॉलेजात आमचे सर सांगायचे, कुठल्याही चेहऱ्याला स्वतःचं काहीतरी सांगायचं असतं, ते तुम्ही ऐकायला पाहिजे. मी ते वाक्य ट्रंकेत घालूनच गावी आले होते. आल्या दिवशीच आईला म्हटलं, "औंदा तालमीचे मावळे मी रंगवणार. सगळे साठ."

मी मागत होते ते साधं नव्हतं. आमच्या पेठेतल्या तालमीचा किल्ला म्हणजे गावातला नावाजलेला किल्ला. उंचीला माझ्या मांडीएवढाच, पण पसारा मोठा, तालमीचं निम्मं अंगण व्यापायचा. दगडमातीचे बुरूज, उतारावर अळीव पेरून केलेलं हिरवंगार रान. त्यावर सोळा वर्षं आईचेच मावळे उभे राहत होते. तालमीचे वस्ताद भैरूआबा त्यावर ठाम होते. पण तालमीतली तरणी पोरं आता कुरकुरत होती. पुण्याला प्लॅस्टरचे मावळे मिळतात, चकचकीत, हातात खऱ्या पत्र्याच्या तलवारी. आबांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, औंदा हौसाक्काचे बघू, पसंत पडले नाहीत तर तुमच्या मनासारखं करू. आईच्या लेखी तो किल्ला म्हणजे वर्षातून एकदा तिची चीज चारचौघांत उभी राहायची जागा होती. दुसरीकडं कुठं तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

"साठच्या साठ?" तिनं विचारलं.

"साठच्या साठ. महाराज तू रंगव. मावळे माझे."

"रंगीव," ती म्हणाली. "हाताला सवय हुईल."

मी तीन आठवडे घेतले. साचा एकच असला तरी भुवई सुताएवढी खाली आणली की माणूस रागावतो, ओठाचं टोक जरासं वळवलं की मनातल्या मनात हसतो, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकले. एकाच्या गालावर जुना वण काढला. एकाची दाढी चार दिवसांची वाढवली. एक कोवळा, मिसरूड न फुटलेला, घाबरलेला. एक म्हातारा, ज्याला आता कशाचंच भय उरलेलं नाही. तैलचित्रात करतात तसे रंग एकात एक मिसळले, पगडीच्या लाल रंगात निळ्याची झाक दिली. सगळ्यांवर उजेड डावीकडून. गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या, "आगं बया, जित्ता माणूस हाय की!" म्हणायच्या, आणि मी मान वरसुद्धा न करता फुगायची.

एक मावळा अण्णांसारखा झाला. ठरवून नाही केला. गाल बसलेले, डोळ्यांखाली भट्टीच्या धुरानं आलेलं काळं. आईनं तो उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोन?"

"ओळख की."

ती हसली. पदरानं त्याच्या बुडाची धूळ पुसली आणि तो फळीवर न ठेवता कोनाड्यात नेऊन ठेवला. "ह्येला न्हाय पाठवायचं किल्ल्यावर. ह्यो घरात ऱ्हाऊदे." त्याच्या जागी मी दुसरा रंगवून साठ पुरे केले.

डोळे शेवटी होते. आई सवयीनं कोनाड्यातली काडी घेऊन फळीपाशी येऊन बसली.

"आई, डोळेपण मीच काढणार."

"डोळं म्या काढते की. तू दमलीयास."

"तसं नाही." आणि मग मी ते बोलले. "तुझे डोळे चुकतात गं. कधीपासून सांगीन म्हणते. तुझ्या सगळ्या मावळ्यांची बुबुळं वर चढलेली असतात. ताप डोक्यात गेल्यासारखी. माणूस असा बघत नाही. बुबुळ मध्यावर पाहिजे, नजर सरळ, समोर."

अण्णा दाराशी माती मळत होते. त्यांचे हात थांबले. आई मात्र खळखळून हसली. "ताप डोस्क्यात गेल्यागत! आसंल बया." तिनं काडी परत कोनाड्यात ठेवली. "तू शिकून आलीयास. काढ तुज्या मनाजोगं."

मी झिरो नंबरचा ब्रश घेऊन साठ मावळ्यांचे एकशेवीस डोळे काढले. प्रत्येक बुबुळ बरोबर मध्यावर आणि त्यात पांढऱ्याचा बारीक ठिपका. शेवटचा मावळा खाली ठेवला तेव्हा मला माझ्याच कामाची भूल पडली होती.

वसुबारसेला दुपारी आम्ही मावळे तालमीत नेले. आबांनी प्रत्येक मावळा दोन बोटांत धरून डोळ्यांपाशी नेला. "आयला, ह्यो तर आपला शिर्पा टांगेवाला! आन् ह्यो बग, कर्ज मागाय आलेल्या पाव्हन्यागत तोंड केलंय." पोरंही गोळा झाली. पुण्याच्या मावळ्यांचं नाव निघेना. आई मागं उभी होती, आणि मला तिच्याकडं बघायचीसुद्धा गरज वाटली नाही.

आबांनी मावळे मांडले, दरवाज्यावर दोन, बुरुजांवर चार-चार, बाकीचे उतारावर आणि पायथ्याला. संध्याकाळी पणत्या लागल्या आणि पेठेतली मुलं आली.

ती आली, किल्ल्याभोवती एक फेरी मारली आणि निघून गेली. दरसाल ती किल्ल्याला अशी चिकटायची की आबांना दोरी बांधायला लागायची. त्या दिवशी जरा बघून झाल्यावर सगळी पलीकडं टिकल्या फोडायला पळाली. फक्त माळ्यांची बेबी, चार-पाच वर्षांची असेल, ती मागं राहिली. ती एका मावळ्यासमोर गेली, वाकली, मग उठून दुसऱ्यासमोर गेली, मग तिसऱ्या. जरा डावीकडं सरकायची, जरा उजवीकडं. असं दहा-बारा मावळ्यांपुढं करून ती उठली आणि तिच्या आजीकडं निघून गेली.

आबा माझ्याजवळ आले. अडीच मणाचा गडी, पण बोलताना जीभ अडखळत होती.

"पोरी, काम झ्याक हाय. खोटं न्हाय सांगत. हातात घेतला की वाटतं, आता बोलंल. पर तिथं हुबा केला की..." ते किल्ल्याकडं बघत राहिले. "सगळं रुसल्यागत वाटत्यात बग. म्हंजी, आपल्यावर रुसल्यागत. पोरं म्हनत्यात, उद्या सकाळी मानूस पुन्याला धाडू. धा वाजस्तवर थांबा म्हटलंय मी."

घरी आल्यावर मी जेवले नाही. चांगलं काही केलेलं ह्या गावाला सोसत नाही, गुलाबी गोळे आणि वर मिशा एवढीच ह्यांची अक्कल, असं बरंच काही बोलले. अण्णा ऐकत होते. ताटावरून उठताना एवढंच म्हणाले, "हौसा, सकाळी हिला घिऊन जा. काडी ने संगं."

धनत्रयोदशीच्या सकाळी तालमीत कुणी नव्हतं. अंगण शिंपडलेलं होतं, अळिवावर पाणी होतं. मी किल्ल्यापुढं उभी राहिले. मावळे मला झकास दिसत होते. माझ्या हातून त्याहून चांगलं काम अजून झालं नव्हतं.

"बस खाली," आई म्हणाली.

"कशाला?"

"बस म्हन्ते न्हवं. उकिडवी. बेबीएवढी हो."

मी बसले. पायथ्याचा एक मावळा माझ्या समोर आला. तो वण असलेला.

"कुनाकडं बगतोय?"

"समोर."

"समोर कोन हाय?"

मी बघितलं. त्याच्या सरळ, अचूक, मध्यावर बेतलेल्या नजरेसमोर माझे गुडघे होते. मी शेजारच्याकडं वळले. तोही माझ्या परकराकडं बघत होता. जरा वाकले, मान तिरकी केली, तरी त्याची नजर माझ्या छातीखालून कुठंतरी पलीकडं जात होती. मी अर्धवट उठून उतारावरचे बघितले, मग बसल्या बसल्या सरकत बुरुजाखालचे. साठजणांचा पहारा होता आणि त्यातला एकही माझ्याकडं बघत नव्हता. काल बेबी काय शोधत होती ते मला तिथं कळलं.

"पोर वरनं बगतं," आई म्हणाली. "मावळा खाली आसतो. मग त्येनं वर नगं बगाय?"

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू म्हन्लीस, मानूस आसा बगत न्हाय. म्हटलं, शिकलेल्यांत आसंल तसं." तिनं कनवटीची काडी काढून माझ्यापुढं धरली. "धर."

"तूच काढ, आई. मला नाही जमायचं."

"मावळं तुजं हायती. म्या हात न्हाय लावायची. आन् ह्ये बग, तोंडाला धक्का लावू नगंस. तोंडं लई ग्वाड झालीत. नुसतं डोळं फिरीव. बुबुळ वरच्या पापणीला टेकीव, पर दडपू नगं. दडपलं की मेल्यागत दिसतं."

अशा रीतीनं तालमीच्या अंगणात फतकल मारून मी कामाला लागले. आधी पांढऱ्यानं जुनी बुबुळं झाकली, आणि ती वाळेतो आई माझ्याशी दुसऱ्याच कसल्या गोष्टी बोलत बसली, फराळाच्या, शेजारणीच्या म्हशीच्या. मग काडी. पहिले दहा डोळे बिघडले. बरोबर आबांसारखा मोठा माणूस समोर धरून मी काढत होते. आईनं माझ्या पाठीत एक धपका घातला. "येवढ्या वर न्हाय. आभाळाकडं न्हाय बगायचं त्यांनी. बेबी कुटं हुबी ऱ्हाती? तिच्या तोंडाकडं." मग प्रत्येक मावळ्यासाठी मी त्याच्या जागेवर जाऊन बसले. पायथ्याच्यांची नजर जास्त वर, बुरुजावरच्यांची कमी. दरवाज्यावरच्या दोघांची अगदी नावाला. आईनं तोंडानं कधी सांगितलं नव्हतं, पण तिच्या जुन्या मावळ्यांतही असा फरक असणार हे मला हातानं करताना उमगलं. आणि मी त्याला ताप म्हणत होते.

आबा दहाला आले, आमच्याकडं बघितलं आणि पोरांना घेऊन आत आखाड्यात गेले. बाराला काम संपलं. पुण्याला कुणी गेलं नाही.

संध्याकाळी पणत्या लागल्या. बेबी आली. आदल्या दिवशीसारखीच वाकली, आणि एकदम मागं सरली. मग पुन्हा पुढं झाली. "आज्जे, ह्यो माज्याकडं बगतुया!" तिचं ऐकून दुसरं पोर धावलं, "न्हाय, माज्याकडं!" मग काय विचारता. ज्याला त्याला आपापला मावळा सापडला. वण असलेला कुणाचा, म्हातारा कुणाचा, यावरून पोरं हातघाईवर आली. घाबरलेल्या कोवळ्या मावळ्यापुढं एक मुलगी बसून त्याची समजूत काढत होती. आबांनी दोरी मागवली. मग आमच्याकडं येऊन आईला म्हणाले, "हौसाक्का, आत्ता बोलाय लागलं गं. पुन्याचं नाव कुनी काडलं तर तंगडं मोडीन."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला रडू येत होतं आणि मी ते लपवत होते.

घराकडं येताना गल्लीच्या तोंडाशी मी तिला विचारलं, "आई, हे तुला कुणी शिकवलं? तुझ्या आईनं?"

"माजी आय कुटं मावळं रंगवायची? तिचं काम पोरींच्या चूलबोळक्यांचं."

"मग?"

"तूच की."

मी थांबले. ती चालतच होती, म्हणून मला दोन पावलं पळावं लागलं.

"चार वर्साची आसशील. पैल्यांदाच आपलं मावळं तालमीत मांडलं हुतं. मीबी तवा समूरच बगाय लावायची. तुला खांद्यावरनं खाली उतरीवलं तर तू हिकडनं तिकडं, हिकडनं तिकडं. मग आलीस माज्याकडं आन् जे भोकाड पसरलंस! काय केल्या गप हुईना. म्हन्लीस, आये, ह्ये माज्याकडं बगत न्हाईत. मी ह्यास्नी आवडत न्हाय." आई हे सांगताना हसत होती. "माजी बोटं तवा कुटं तयार हुती. पर फुडल्या दिवाळीला म्हटलं, बगू बया कशी बगत न्हाईत माज्या लेकीकडं."

पुढं ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. गावातली शेकडो पोरं वर्षानुवर्षं ज्या मावळ्यांवर आपला हक्क सांगत होती, ते सगळे मुळात माझ्यासाठी वर बघत होते. आणि मी दोन वर्षांचं शिक्षण घेऊन येऊन आईच्या तोंडावर म्हटलं होतं, तुझे डोळे चुकतात. तिनं त्यावर हसून काडी कोनाड्यात ठेवली होती.

"आई, मी तुला काय काय बोलले गं."

"काय बोल्लीस? ताप आल्यागत म्हन्लीस. आगं, दिसत्यातच तसं."

घरी आल्यावर तिनं दिवा जवळ ओढला आणि कोनाड्यातून अण्णांसारखा झालेला तो मावळा काढला. त्याचे डोळे अजून काढायचेच राहिले होते. "ह्येचं तेवढं म्या काढते," ती म्हणाली, आणि माझं उत्तर यायच्या आत दोन टिपके देऊन मोकळी झाली. अण्णा शेजारून बघत होते. "मी आसा बगतो व्हय?" त्यांनी विचारलं. "लेकीकडं बगताना बगता," आई म्हणाली.

नंतर मी पुष्कळ चित्रं काढली. शिकवलंही पुष्कळ. मावळे तर अजून दर दिवाळीला रंगवते, आणि त्यांच्यावरचा उजेड आता डावीकडून येत नाही. तो वरून येतो, पगडीखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावली टाकतो, म्हणजे मावळा कसाही उभा केला तरी त्याचा सूर्य चुकत नाही. किल्ल्यावर खिडकी नसते, हे मला पटायला थोडी वर्षं लागली एवढंच.

आई जाऊन आता अकरा वर्षं झाली, अण्णा त्याआधी गेले. तो मावळा माझ्याकडं आहे. घरी येणारे मला सांगतात, एवढी जुनी वस्तू, काचेच्या कपाटात तरी ठेवा, पाय लागेल कुणाचा. मी हो म्हणते आणि विषय बदलते. त्याला मी जमिनीवर, माझ्या कामाच्या जागेपाशी, एका पाटावर ठेवला आहे. तिथून त्याला मी दिसते.